गोठ्याचे शून्य रुपये

मळ्यातला वाडा मोडणार हे पाडव्यापासून कानावर होतंच. दादाने ठरवलं की ठरलं, आणि वहिनींचं तर आधीपासूनच. पण आज मोबाइलवर जुनं लाकूड-दगड घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दरांच्या कागदाचा फोटो आला आणि दुपारपासून कशात लक्ष नाही.

सागवानी खांब, तुळया, चौकटी घनफुटावर. ओट्याचे घडीव दगड नगावर. खाली गोठा, कडब्याची खोली, पेव, पुढे शून्य. (पेव कसं नेणार म्हणा, धान्य साठवायचा खड्डाच तो.) गोठ्याचा दगड ओबडधोबड, उचलायची मजुरीही सुटत नाही म्हणे.

मला कुणी विचारलं नाही, याचा राग आहे का? असेल थोडा. हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा... जाऊ दे. पण गोठ्याला शून्य?

वाड्याचं कौतुक मीही केलंय. काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, माळवदावर, म्हणजे वरच्या सपाट मातीच्या छतावर, दरसाल मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर, मेमध्येही आत गारवा. मग ३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट आली. किल्लारीकडे अशाच चिखलात रचलेल्या भिंती आणि असलीच माती झोपेतल्या माणसांवर बसली. आमच्याकडे नुसती साण्यातून, छतातल्या उजेडाच्या झरोक्यातून, माती गळली, आईच्या अंथरुणावर. पण त्या रात्रीपासून वाड्यात कुणी पाठ टेकेना. दिवाळीपर्यंत सगळं घर कुठे झोपलं? गोठ्यात. कंबरभर भिंत, वर पत्रा. अंगाखाली मालदांडी ज्वारीचा कडबा, पोटऱ्यांना टोचायचा. पलीकडे म्हैस रात्रभर रवंथ करायची. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, माणूस मरणार नाही, असा अण्णांचा हिशोब.

त्या व्यापाऱ्याने सागवान मोजलं, आमची भीती कुठे वजा केली?

कुणालाच काही आठवत नाही, सगळं मीच धरून बसायचं, असं मनात घोळवत शेवटी दादाला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग ने ना गोठा."

शहरातल्या सात रस्त्याजवळच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात! मला हसूच फुटलं.

मागून वहिनी ओरडल्या, व्यापाऱ्याला नकोच आहे तर राहू दे की, पाडायची मजुरी कोण देतंय. म्हणजे वाडा जाणार आणि गोठा राहणार. उसाच्या मोटारीचा स्टार्टर तिथेच बसवायचा म्हणे. पत्रा तेवढा बदलायला लागेल, आणि त्याचे पैसे माझ्याकडून घ्यायचे हे दादाने फोन ठेवायच्या आतच ठरवून टाकलं.