आधी कोणाला सोडायचं? : एटीसी होतानाचा माझा अनुभव

एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय म्हटलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. गणित पक्कं लागतं का, आणि टेन्शन झेपेल का? गणित लागतं, पण ते पाढ्यांच्या फारसं पुढे जात नाही. टेन्शनचं म्हणाल, तर विमानं जास्त झाली म्हणून मला ते क्वचितच आलं. कामांचा क्रम विस्कटला की मात्र हमखास आलं. एका वेळी दहा गोष्टी करणारी माणसं इथे लागतात, हा समज मीही घेऊन आले होते. प्रत्यक्षात एका वेळी एकच गोष्ट करायची असते, फक्त त्या दहांतली आधी कोणती हे चटकन ठरवता यायला हवं.

निवडीची पद्धत प्रत्येक देशात वेगळी. परवान्याचा सांगाडा मात्र आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट 1 मधला: वय किमान 21, तिसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, भाषेची किमान चौथी पातळी, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि त्यानंतर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम.

कल चाचणीत कानात आकडे ऐकू येत असतात, पडद्यावर ठिपके सरकत असतात आणि मध्येच एखादी बेरीज टपकते. ऐकलेलं डोक्यात धरून न ठेवता लगेच कागदावर उतरवायचं आणि डोकं रिकामं करायचं, ही सवय मला तिथे तारून गेली. पुढेही तीच कामाला आली, कारण टॉवरमध्ये जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं धरून चालावं लागतं.

वैद्यकीय तपासणीचा लोक उगाच धसका घेतात. चष्मा चालतो. चष्मा लावून प्रत्येक डोळ्याला 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 दिसलं पाहिजे. कानांची ऑडिओग्राम चाचणी होते आणि रंग नीट ओळखता यावे लागतात. रेडिओ बंद पडलेल्या विमानाला टॉवरमधून लाल, हिरव्या आणि पांढऱ्या झोताच्या दिव्याने खुणा करतात, हे कळल्यावर रंगांच्या चाचणीचं मला नवल वाटेनासं झालं.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे चांगलं इंग्रजी येणारेही गडबडतात. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाबींना गुण असतात, आणि सगळ्यांत कमी मिळालेली पातळी हीच तुमची पातळी. पाच ठिकाणी 5 आणि एका ठिकाणी 3 असेल, तर निकाल 3. चौथी पातळी मिळाली तरी तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. लकब कुठलीही चालते, समोरच्याला समजलं म्हणजे झालं. 1996 मध्ये चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली. त्यानंतर वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला.

वर्गातले विषय म्हणजे हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमानांचे प्रकार. पाठांतर पुष्कळ, मजा बेताची. एक गंमत मात्र लक्षात राहिली. हवामानाच्या लेखी अहवालात, मेटारमध्ये, वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेवरून असते, पण टॉवर वैमानिकाला तोंडी सांगतो ती चुंबकीय उत्तरेवरून. धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीयच असल्यामुळे वैमानिकाला मनातल्या मनात वजाबाकी करत बसावं लागत नाही.

खरी मजा सिम्युलेटरमध्ये. चहूबाजूंनी पडदे, त्यावर विमानतळ, आणि शेजारच्या खोलीत वैमानिकांची भूमिका करणारी माणसं. ती मुद्दाम घोळ घालतात, तोच त्यांचा पगार. एक प्रसंग आमच्याकडून घोटून घेतला होता. धावपट्टीच्या तोंडाशी एक हेवी, म्हणजे 136 टन किंवा त्याहून जड वर्गातलं, विमान उभं आहे. त्याच्या बाजूला एक छोटं विमान ताटकळलंय. तिसरं उतरायला येतंय, सहा मैलांवर आहे. हेवीच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात, म्हणून त्याच्या मागून छोट्याला सोडायचं तर दोन मिनिटं थांबवायचं. छोटं धावपट्टीच्या मधल्या जोडरस्त्यावरून निघणार असेल तर तीन. येणारं विमान मिनिटाला साधारण दोन मैल कापतंय, म्हणजे हातात तीन मिनिटं. हेवी धावपट्टीवर येऊन उडेपर्यंत त्यातलं एक गेलं, छोट्याची दोन मिनिटं मोजेपर्यंत येणारं विमान डोक्यावर. आता छोट्याला आधी सोडून पाहा. त्याला भोवऱ्यांची भीती नाही. उडाल्यावर लगेच वळवून बाजूला काढलं की मागच्या जोरकस विमानाची वाट मोकळी, आणि तिसरं उतरायच्या आत दोन्ही हवेत. विमानं तीच, धावपट्टी तीच. आमच्या प्रशिक्षक मॅडम पडद्याकडे बघायच्याच नाहीत. त्या आमच्या स्ट्रिप बोर्डाकडे बघायच्या. प्रत्येक विमानाची एक पट्टी, आणि पट्ट्या ज्या क्रमाने लावल्या तो तुमचा बेत. ‘‘तोंडाने काय बोलतेस ते नंतर, आधी पट्ट्या लाव,’’ हे त्यांचं वाक्य अजून कानात आहे.

बोलण्याचे नियम काटेकोर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच नियमांमागे कुठला तरी अपघात आहे. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, 583 माणसं मेली. परवानगी मिळाली आहे की नाही याबद्दलचा गैरसमज त्याच्या मुळाशी होता. हे वर्गात ऐकल्यावर नियम पाठ करावा लागला नाही.

मग ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग), म्हणजे खऱ्या टॉवरमध्ये खरी विमानं. शेजारी प्रशिक्षक स्वतःचा हेडसेट लावून बसलेले, केव्हाही तुमचं बोलणं तोडून स्वतः बोलू शकतील असे. परिशिष्टाप्रमाणे विमानतळ नियंत्रणाच्या रेटिंगसाठी, म्हणजे ते काम स्वतः करण्याच्या मान्यतेसाठी, किमान 90 तास किंवा एक महिना, यातलं जे जास्त असेल ते. प्रत्यक्षात गर्दीच्या ठिकाणी त्याहून पुष्कळच जास्त लागतं.

एका सकाळी एका विमानाला मी सांगितलं, ‘‘होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन.’’ उत्तर आलं, ‘‘रॉजर.’’ रॉजर म्हणजे ऐकलं. काय ऐकलं ते त्यातून कळत नाही. धावपट्टीपाशी थांबण्याची सूचना वैमानिकाने कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासह, जशीच्या तशी परत म्हणायची असते. तेवढ्यात दुसरं एक विमान पार्किंगमधून निघायची परवानगी मागू लागलं, आणि फोनही वाजला. प्रशिक्षक हलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. फोन वाजू दिला, दुसऱ्याला ‘‘स्टँडबाय’’ म्हटलं आणि पहिल्याला पुन्हा तीच सूचना दिली. या वेळी ‘‘होल्डिंग शॉर्ट’’ पूर्ण आलं, धावपट्टीच्या क्रमांकासकट. त्यानंतरच उतरणाऱ्या विमानाला परवानगी दिली. मग फोन उचलला. पलीकडचा माणूस वैतागला होता, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

शिफ्ट सुपूर्द करणं हेही शिकावं लागतं. येणारा आधी मागे उभा राहून चित्र डोक्यात बसवतो, मग जाणारा त्याला सांगतो: वारा, चालू धावपट्टी, बंद रस्ते, कोणाला काय कबूल केलंय. नवखे हे शेवटचं विसरतात, कारण ते पट्टीवर दिसेलच असं नाही. हँडओव्हर झाल्यावर लगेच उठून जायचं नाही, थोडा वेळ तिथेच थांबायचं.

शेवटच्या परीक्षेत तोंडी प्रश्न आणि प्रत्यक्ष काम दोन्ही असतं. परीक्षक मागे वहीत काहीतरी लिहीत असतात आणि वैमानिकांना त्याचा पत्ताही नसतो. रेटिंग मिळालं तरी ते त्या टॉवरपुरतंच. दुसऱ्या विमानतळावर बदली झाली की तिथले रस्ते, तिथल्या टेकड्या, तिथल्या पद्धती पुन्हा शिकायच्या आणि पुन्हा परीक्षा द्यायची. कामात मोठा खंड पडला तर असलेलं रेटिंगही जातं. मला सध्या अप्रोच रडारच्या, म्हणजे विमानतळाकडे येणारी विमानं रडारवर बघून हाताळण्याच्या, प्रशिक्षणाला पाठवलंय. तिथे धावपट्टी डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावरचे ठिपकेच, आणि दोन विमानांमध्ये तीन किंवा पाच मैल राखायचे. बॅचमधल्या सगळ्यांना टॉवरची खिडकी आठवते.