१६५ चे १५६

उंची १५६ सेंटिमीटर. टर्म विम्याच्या मेडिकल रिपोर्टवर हा आकडा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. माझी उंची १६५ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, कारण तरुणपणी पोलीस भरतीला उभा राहिलो होतो आणि तिथे पुरुषाला किमान १६५ लागतात. बरोब्बर काठावर पास झालो होतो. (१६०० मीटर धावण्यात बाद झालो, ते जाऊ द्या.)

रक्त, लघवी, ईसीजी अर्ध्या तासात उरकलं होतं. टाईप करताना कुणीतरी ६ आणि ५ ची अदलाबदल केली, बस. पण बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझं वजन ७४. उंची १६५ धरली तर २७.२ येतो, १५६ धरली तर ३०.४. तिशी ओलांडली की शिक्का ‘ओबेस’, म्हणजे लठ्ठ. लगेच कंपनीचा मेल: प्रीमियम वाढेल.

अमळनेरहून पॅसेंजर धरून जळगावला त्या सेंटरवर गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, “काका, रिपोर्ट लॉक झालाय. कंपनीनेच रिक्वेस्ट टाकली पाहिजे.” कंपनीला फोन केला तर उत्तर, “सर, दुरुस्ती सेंटरच पाठवतं.” दोघांचंही बोलणं अगदी गोड.

दुसऱ्या खेपेला मेलची प्रिंट घेऊन गेलो. आता मागणी आली उंचीच्या पुराव्याची. “आधार कार्ड द्या ना.”

“ताई, आधारवर उंची असते का?”

तिने कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली! मी म्हटलं, अहो, पुरावा तुमच्यासमोर उभा आहे, भिंतीला पट्टीही आहे, मोजा. तर त्याला म्हणे अपॉइंटमेंट लागते. त्या दिवशी परतीची गाडीही चुकली आणि एसटीत उभ्याने आलो.

तिसऱ्या खेपेला मोजलं. चप्पल काढली, टाचा भिंतीला लावल्या, नजर सरळ. आकडा आला १६४.५. दुपार झाली होती. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून माणूस थोडा आखडतोच, म्हणून मी त्या अर्ध्या सेंटिमीटरसाठीही भांडलो आणि १६५ लिहून घेतले. आता हसू येतं, पण तेव्हा माझा पोलीस भरतीचा मान पणाला लागला होता. तुम्ही मात्र सही करण्याआधी उंची-वजनाचा रकाना वाचा. मी नुसतीच सही ठोकली होती.

दुरुस्त रिपोर्ट घेऊन, मिशीला पीळ देतच म्हणा ना, गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “२७.२? आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणाच धरतात.” म्हणजे तीन हेलपाटे घालून मी एका लठ्ठपणातून दुसऱ्यात आलो होतो. वर हेही कळलं की बीएमआयचं हे सूत्र डॉक्टरचं नाहीच. बेल्जियमच्या केटेले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ते मांडलं, तेही लोकसमूहांचा अभ्यास करताना.

मग डॉक्टरांनी टेप काढला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. ९८ सेंटिमीटर! माझी पँट ३६ ची, पण मी ती पोटाखाली बांधतो, म्हणून इतकी वर्षं फसलो. आपल्याकडे पुरुषाने ९० च्या आत असावं, बाईने ८० च्या. भरतीत छाती मोजली होती, ७९, फुगवून पाच जास्त. पोट कुणीच मोजलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. काटा एक, अंगं दोन. हे ऐकून मला माझे हडकुळे, पोट सुटलेले मेव्हणे आठवले. त्यांनाही टेप लावायला सांगितलंय, ऐकतील तर खरं.

आणि त्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ५.९ होतं. ५.७ पासून मधुमेहाच्या आधीची पायरी सुरू होते. उंचीच्या भांडणात मी ते पान उलटलंच नव्हतं.

बीएमआय २३ च्या आत आणायला ६२ किलोवर या, असं काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. आधी चार किलो कमी करा, रोज चाला, रात्रीची शेवभाजी आठवड्यातून एकदाच. वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर, तेही आठवड्यातून एकदा. रोज केलं तर पाण्यानेच किलोभर वरखाली होतं आणि माणूस चिडतो. मी चिडलो होतो.

वाढीव प्रीमियम रद्द झाला. पाच महिन्यांत ७१ वर आलोय, पोट ९३. माय मात्र भरिताच्या वाटीत वरून कच्चं तेल ओतते आणि म्हणते, “वाळी ग्या रे तू! कसाले उपाशी मरस?”