पिकअपला मागचा डॅशकॅम: तिसऱ्या जागेपर्यंतची नोंदवही

पुढचा डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं सतत चित्रण करणारा कॅमेरा, बसवून झाला तेव्हा वाटलं होतं, मागचा म्हणजे तासाभराचं काम. छोट्या गाडीला तसं असतंही. मागच्या काचेला चिकटवला, छताच्या कडेने वायर आणली, झालं. पण पिकअपची मागची काच गाडीच्या मध्यावरच संपते. तिच्यामागे हौदा, हौद्यामागे फाळका, आणि कॅमेऱ्याला जे बघायचंय ते त्या फाळक्याच्याही पलीकडे. तासाभराच्या कामाला पाच आठवडे लागले. कॅमेरा तोच, कार्ड तेच. बदलत गेली ती जागा.

पहिला आठवडा: काचेच्या आतून

सगळे करतात तेच आधी केलं. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि वरच्या कडेशी डिफॉगरच्या (काच तापवून धुकं घालवणाऱ्या) दोन रेघांमधली मोकळी जागा शोधली. रेघेवर टेप कधीच लावू नका. पुढे काढायची वेळ आली की टेपबरोबर रेघही उपटून येते आणि तेवढा डिफॉगर गेलाच म्हणून समजा. माझ्या काचेचा मधला भाग सरकता आहे, म्हणून कॅमेरा मध्यावर न घेता बाजूच्या स्थिर काचेवर गेला. चित्र थोडं तिरकं आलं, पण चालण्यासारखं.

टेप ३एमची व्हीएचबी, म्हणजे जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी. ती साधारण खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी ताकद पकडते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. म्हणून तीन दिवस नुसता माउंट चिकटवून ठेवला, कॅमेरा लावलाच नाही. "मामा, चिकटलाय की तो!" असं भाचा रोज येऊन सांगत होता. त्याला उत्तर दिलं नाही.

चौथ्या दिवशी पहिलं चित्र आलं आणि फाळक्याचं गणित समोर उभं राहिलं. मोजपट्टी घेऊन मोजलं. कॅमेरा जमिनीपासून १.७ मीटर, फाळक्याची वरची कड १.३ मीटर, दोन्हींतलं आडवं अंतर दीड मीटर. म्हणजे नजर दीड मीटर जाताना ४० सेंटिमीटर खाली येते. त्याच उताराने ती जमिनीला टेकते फाळक्यामागे जवळजवळ ४.९ मीटरवर. त्याच्या अलीकडची जमीन कॅमेऱ्याला दिसतच नाही. मागच्या गाडीची नंबर प्लेट ६० सेंटिमीटर उंचीवर धरली, तर ती गाडी २.६ मीटरपेक्षा जवळ आली की प्लेट फाळक्याआड जाते. सिग्नलला मागचा माणूस चिकटून उभा राहिला की दिसतं फक्त त्याचं टप आणि कपाळ. मागून ठोकणारा तर नेमका तेवढाच जवळ असतो! तरी धडकेआधीच्या काही सेकंदांत तो लांबून येताना दिसेल, म्हणून मी मनाची समजूत घातली.

समजूत दुपारपर्यंत टिकली. ऊन मागून आलं आणि काचेत सीटची डोकी, माझा हात, मागच्या सीटवरची पिशवी, सगळं उमटलं. हौद्यावर तरंगणारी पिशवी. मग सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायचा ध्रुवीकरणाचा फिल्टर) लावून बघितला, कारण पुढच्या कॅमेऱ्यावर त्याने डॅशबोर्डचं प्रतिबिंब पार पुसून टाकलं होतं.

इथे काही केल्या उपयोग होईना, आणि कारण कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पुढची काच कललेली असते, डॅशबोर्डचा उजेड तिच्यावरून तिरका परावर्तित होतो, आणि तिरकं परावर्तन चांगलंच ध्रुवीकृत असतं, म्हणजे त्या उजेडाच्या लहरी बहुतेक एकाच दिशेत हलतात. काचेसाठी हा परिणाम ५६ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. सीपीएल अडवतो तो हाच ध्रुवीकृत उजेड. पिकअपची मागची काच मात्र जवळजवळ उभी, आणि कॅमेरा तिच्याकडे सरळ बघतो. सरळ येणारं प्रतिबिंब ध्रुवीकृत होतच नाही म्हटलं तरी चालेल, मग फिल्टर अडवणार काय? वर आणखी एक गंमत झाली. पुढची काच थरांची, मागची टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली. टेम्पर्ड काचेतले ताण ध्रुवीकरणाच्या फिल्टरमधून ठिपक्यांच्या नक्षीसारखे दिसतात. आकाशावर कापडाचं डिझाइन छापल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय फिल्टर निम्म्याहून जास्त उजेड खातो, आणि माझ्या काचेला मुळातच गडद छटा आहे. रात्री मागची गाडी म्हणजे दोन पांढरे गोळे आणि मध्ये अंधार.

फिल्टर काढला. लेन्सभोवती काचेला टेकेल अशी काळ्या रबराची नळी बसवली, तेव्हा प्रतिबिंब गेलं. ज्यांचा हौदा बहुतेक वेळ रिकामा असतो त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही, खरंच. माझा नसतो. शनिवारी काचेइतका उंच माल भरला, आणि दीड तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे निळ्या ताडपत्रीचा क्लोजअप.

दुसरा आठवडा: फाळक्यावर

इथली नोंद छोटी, कारण ही जागा चारच दिवस टिकली. फाळक्याच्या हँडलशेजारून चित्र सुरेख येतं. काच नाही, माल आड नाही, प्लेटच्या उंचीच्या जवळ. पण लांब पाइप न्यायचे म्हणून फाळका पाडून गाडी चालवली, तर कॅमेऱ्याने इमानेइतबारे पूर्ण प्रवासभर रस्त्याचं डांबर टिपलं. दर उघडझापीला वायर बिजागरीपाशी मुडपते, ती किती दिवस जगणार. आणि धूळ! चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेली सगळी माती ते फाळक्यावर आणून थापतात. कच्च्या रस्त्यावर वीस मिनिटांत लेन्स आंधळी.

भाच्याने सुचवलं की कंपनीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचीच वायर फोडून डॅशकॅमला जोडू. नको म्हटलं. त्याचा सिग्नल वेगळ्या जातीचा, आपला रेकॉर्डर तो ओळखेलच असं नाही, आणि चालू असलेली रिव्हर्सची सोय मात्र जायची.

मध्येच: बंद-चालू, बंद-चालू

याच सुमाराला कॅमेरा आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. खड्डा आला की बंद, मग पुन्हा सुरू होण्याचा टूं आवाज. दोष कार्डाचा म्हणून कार्ड फॉरमॅट केलं. मग मागच्या लांब वायरीचा म्हणून ती काढून फक्त पुढचा कॅमेरा चालवला. तरी तेच.

शेवटी मल्टिमीटर काढला, जो खरं तर आधी काढायला हवा होता. हार्डवायर किटच्या (कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूज बॉक्समधून वीज देणाऱ्या जोडणीच्या) तीन वायरी: एक कायम चालू फ्यूजवर, एक इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर, आणि एक अर्थिंगला. पहिल्या दोन्हींवर व्होल्टेज चोख. अर्थिंगची रिंग मी फ्यूज बॉक्सजवळच्या एका देखण्या बोल्टखाली आवळली होती. बोल्टखाली रंगाचा जाड थर, आणि तो बोल्ट नुसत्या प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून होता. संपर्क होत होता तो आट्यांच्या एखाद्या कडेतून, खड्ड्यागणिक सुटत. बॉडीच्या पत्र्यात गेलेला दुसरा बोल्ट शोधला, रिंगेपुरता रंग खरवडला, आवळला. तेव्हापासून एकदाही टूं नाही.

फ्यूज टॅप, म्हणजे एका फ्यूजच्या खाचेतून दुसरी जोडणी काढणारा तुकडा, लावताना दिशा बघा. टॅपचा सामाईक (दोन्ही फ्यूजना जोडलेला) पाय विद्युतप्रवाह येतो त्या बाजूला हवा. उलटा लावला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग कॅमेऱ्याचा प्रवाहही मूळ फ्यूजमधूनच जातो. मूळ फ्यूज काढून कुठल्या खाचेत व्होल्टेज येतंय ते मीटरने पाहिलं की प्रश्न मिटला. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजना मात्र हातही लावू नये.

गाडी उभी असताना कॅमेरा आपोआप बंद व्हायची मर्यादा, म्हणजे पार्किंगचा कट-ऑफ, १२.२ व्होल्टवर ठेवलाय. विसावलेली भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ च्या वर असते, १२.२ ला साधारण अर्ध्यावर येते. दोन्ही कॅमेरे मिळून माझ्या मीटरवर ०.४ अँपिअर घेतात, म्हणजे बारा तासांत पाच अँपिअर-तासांच्या आत. निरोगी बॅटरीला जड नाही, पण गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पार्किंग मोड बंदच करतो.

तिसरा आणि चौथा आठवडा: वरच्या ब्रेक लाइटखाली

केबिनच्या मागच्या भिंतीवर, काचेच्या वर, तिसरा ब्रेक लाइट असतो. दोन स्क्रू, एक गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी पट्टी), आणि आत थेट छताच्या अस्तरामागे जाणारं तयार भोक. कंपनीनेच पाडलेलं. पत्रा कापायचा नाही, गंज लागायची भीती नाही. मी लाइटखाली बसेल अशी पातळ प्लेट कापली, तिला खाली वाकवून जिभेसारखा कान काढला आणि त्यावर आयपी६७ चा (धूळ आणि पाणी आत न जाणारा) बाहेरचा कॅमेरा हेड बसवला. सुदैवाने हेड त्याच कंपनीचा मिळाला, प्लगही तोच, म्हणून "कॅमेरा तोच" हे विधान तेवढं सैल समजून घ्या. लाइटची लाल काच कुठेही झाकली जात नाही ना, हे आधी पाहिलं.

वायर: पुढच्या काचेपासून छताच्या अस्तरात, तिथून बाजूच्या खांबापाशी, मग कडेकडेने मागे. खांबात आणि छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते. वायर तिच्या मागून न्यायची, पुढून कधीही नाही. पुढून गेलेली वायर एअरबॅग फुगताना तिच्या वाटेत येते. खांबाचं कव्हर पूर्ण उतरवून, कापडी टेपने वायर मूळ हार्नेसला (कंपनीच्या वायरींच्या जुडीला) बांधत गेलो. सहा मीटरची वायर जेमतेम पुरली. उरली असती तर गुंडाळी करून रेडिओच्या अँटेनापासून लांब ठेवली असती.

आता गळती. पहिल्यांदा मी शहाणपणा केला: गॅस्केटला वायरीपुरती खाच पाडली आणि लाइट आवळला. होजने पाणी मारलं, भाचा आत टॉर्च घेऊन बसला. "मामा, कोरडं आहे." दोन मिनिटांनी, "मामा, माझ्या मानेवर काहीतरी पडलं." पाणी वायरीवरूनच चालत आत येत होतं.

सगळं पुन्हा उघडलं. नवं अखंड गॅस्केट लाइट आणि प्लेटमध्ये, दुसरं प्लेट आणि पत्र्यामध्ये. वायर आता गॅस्केटखालून जात नाही, प्लेटच्या मधोमध रबरी ग्रोमेटमधून (भोकात बसणाऱ्या रिंगेतून) जाते, आणि बाहेर तिला खाली झोल दिलाय, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी जमून गळतो, आत शिरत नाही. ग्रोमेटभोवती सिलिकॉन भरलं, पण न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि धातूला खातं. एक दिवस वाळू दिलं, दहा मिनिटं होज. भाच्याने या वेळी टॉवेल गळ्याभोवती घेतला होता. कोरडा राहिला.

हेड उलटा लटकतो, म्हणून चित्र १८० अंश फिरवलं. मिररिंग बंद केलं. हे विसरलात तर नंबर प्लेट आरशातल्यासारखी उलटी येते, आणि ती रात्री वाचत बसणं मजेचं नाही.

नवी उंची १.८ मीटर. फाळक्यामागची न दिसणारी जमीन ४.९ वरून ३.९ मीटरवर आली, प्लेट २.१ मीटरपर्यंत दिसते. फार नाही, पण काचही गेली आणि मालही आड येत नाही.

प्लेट किती लांबून वाचता येईल?

१९२० पिक्सेल रुंद चित्र, १२० अंशांची लेन्स: अंशाला १६ पिक्सेल. अर्धा मीटर रुंद प्लेट १० मीटरवर सुमारे २.९ अंश व्यापते, म्हणजे ४६ पिक्सेल. दहा अक्षरं असली तर एका अक्षराच्या वाट्याला पाचसुद्धा नाहीत. ५ मीटरवर ९२ पिक्सेल, तिथे दिवसा वाचता येते. माझ्या चाचण्याही तेच सांगतात. रात्री, चालत्या गाडीत, त्याहून जवळ. 'अगदी लांबची प्लेटही स्वच्छ' असं कुणी म्हणालं तर लेन्स किती अंशांची, ते आधी विचारा.

पुढचा ३० आणि मागचा १२ मेगाबिट प्रतिसेकंद लिहितो. तासाला १९ जीबी. १२८ जीबीचं कार्ड साडेसहा तासांत फिरून परत पहिल्यावर येतं. सतत लिहिणं सोसणारं हाय एंड्युरन्स कार्डच घेतलंय.

पाचवा आठवडा: माल भरून

काचेच्या वरच्या कडेपर्यंत माल, ताडपत्री, दोरी. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. मागच्या गाड्या स्वच्छ, सूर्य मागून असतानाही. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र चाळिसाव्या मिनिटापासून ताडपत्रीचं टोक फडफडायला लागलं, आणि पन्नासाव्या मिनिटाला मागचा दुचाकीवाला हात वर करून काहीतरी सांगताना दिसतो. मी आरशात त्याला पाहिलंही नव्हतं. दोरीची गाठ सरकली होती.

या आठवड्यात कॅमेरा दोन अंश खाली झुकवणार आहे, म्हणजे हौद्याचा तो कोपरा पूर्ण चित्रात येईल. आणि त्या कोपऱ्याला आता नवी दोरी.