थंड इंजिन झटके खाते: आठशेच्या कामाची नोंद

गाडी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) मारुती आठशे, तीन सिलिंडर, हाताचा चोक (थंड इंजिनसाठी हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी पाती). सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण क्लच सोडला की झटके खाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी दबते, मग उचलते. गंगापूर रोडला तीन-चार किलोमीटर गेल्यावर ठणठणीत. नाशिकचा पारा 10 अंशांखाली गेला की त्रास जास्त.

लगेच सुरू होते, तेव्हा बॅटरी बघण्यात वेळ घालवला नाही. गरम झाल्यावर नीट चालते, म्हणून मिक्श्चर स्क्रूला (पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा) हात लावायचा नाही. थंडीसाठी तो सैल केला की गरम इंजिनचा स्लो (पेडल न दाबता चालणे) बिघडतो आणि प्लग काजळतात.

प्लगचे गॅप 0.8 मिमीवर आणले. एकाचा 1 मिमीच्या पुढे गेला होता. फरक किरकोळ.

चोक मात्र नीट पाहण्यासारखा निघाला. एअर फिल्टरचे झाकण काढून एकाने गाडीत बसून चोकचा नॉब पूर्ण ओढायचा, दुसऱ्याने वरून पाती पाहायची. पाती मिटायला हवी. इथे एका बाजूला 3 मिमी फट राहत होती. केबलचे बाहेरचे आवरण क्लॅम्पमधून सरकले होते. क्लॅम्प ढिला करून आवरण मागे ओढले आणि पुन्हा आवळले. नॉब आत ढकलल्यावर केबलला 1 मिमी ढील राहू द्या, नाहीतर पाती पूर्ण उघडत नाही आणि पेट्रोल उगाच जळते.

झटके कमी झाले, गेले नाहीत. पुढचा संशय थर्मोस्टॅटवर (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप). थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला (पंख्यापासून लांब). चांगला थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. हा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. हाउसिंग उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नाही! उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून तो काढून टाकायची खोड जुनी आहे. पण त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्या) वेळेवर ऊब मिळत नाही, पेट्रोलची पुरती वाफ होत नाही आणि थेंब भिंतीला चिकटतात. सिलिंडरपर्यंत पोचणारे मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, शिवाय त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून (पेट्रोलचे बारीक छिद्र) मिश्रण आणखी पातळ होते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही.

नवा थर्मोस्टॅट 82 अंशांचा. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. 82च्या आसपास उघडायला लागला, तेव्हाच घेतला. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढा, बोल्ट बेताने आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले, कॅप उघडी ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवले. कॅप थंड इंजिनवरच काढायची.

आता गाडी पहिल्या किलोमीटरमध्येच सरळ होते. एकदम अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरची किंचित दबकी बाकी आहे. इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल उघडला, तर कार्ब्युरेटरमधल्या, पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाच्या नळीतून धार उशिरा आणि बारीक येते. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (लवचीक पडदा) कडक झालेला दिसतो. इथेनॉल चालणारा किट आला की तो बदलायचा.