रिकामा कोपरा

नळीत रक्त जेमतेम एक मिली. चार महिन्यांचं बाळ, वजन साडेतीन किलो, याहून जास्त काढणार तरी कुठून? सोबतच्या कागदावर होतं: जन्मापासून जुलाब, अंगभर इसब, महिन्यापूर्वी मधुमेह निघाला म्हणून इन्सुलिन सुरू. दूध बाधतंय म्हणून घरच्यांनी आईचं दूधही तोडलं होतं.

शंका फॉक्सपी३ या जनुकाची होती. त्याचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात असतं, म्हणून ते दिसण्यासाठी पेशींना छिद्रं पाडून रंग आत पोचवावा लागतो. हे प्रथिन डीएनएवर बसून काही जनुकं चालू ठेवतं, काही बंद. त्यामुळेच काही टी पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी काही, आपल्याच शरीरावर उठलेल्या इतर टी पेशींना आवरतात.

संध्याकाळी आलेख उघडले. एक टिपका म्हणजे एक पेशी; आवरणाऱ्या पेशी वरच्या उजव्या कोपऱ्यात दिसतात. निरोगी नमुन्यात तिथे टिपक्यांचा दाट पुंजका. बाळाच्या आलेखात टी पेशी भरपूर, पण तो कोपरा रिकामा. माझा हात चुकला असेल म्हणून उरलेल्या रक्तावर सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

१९४९ साली अमेरिकेत ओक रिजला खवलेदार कातडीचे उंदीर जन्मले होते. त्यातले नर काही आठवड्यांतच मरत. त्यांच्यातला दोष फॉक्सपी३ मध्ये असल्याचं २००१ साली कळलं, आणि अशा बाळांमधलाही. त्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं. बातमी वाचताना मला तो कोपराच आठवला.

डीएनए तपासणीत दोष पक्का झाला, आईतही सापडला. तिचा भाऊ तीन महिन्यांचा असताना असाच गेला होता. "मॅडम, मग मला काहीच कसं झालं नाही?"

तिचा आलेख मी तिलाच दाखवला. कोपरा भरलेला. "ताई, तुमच्याकडे एक्स गुणसूत्रं दोन. एकेका पेशीत त्यातलं एकच चालू असतं. ज्यांच्यात चांगलं चालू, त्या पेशींनी सगळी जागा सांभाळली. बाळाकडे एक्स एकच आहे."

तिने पडद्यावरच्या टिपक्यांना बोट लावलं. "म्हणजे माझं दूध नव्हतं?"

"नव्हतं."

ती तिथेच रडली. मीही.

पुढच्या सोमवारी थोरल्या बहिणीची नळी आली. बोन मॅरो जुळतो का, ते बघायला.