न झाडलेली मॅन्लिकर

साताऱ्याकडचा एक तरुण आला आणि धोतरात गुंडाळलेली रायफल टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, आजोबांची आहे. लायसन आता माझ्या नावावर झालंय. रेंजवर पाच राउंड मारायचेत, एकदा बघून द्या."

धोतर सोडलं आणि मी खुर्ची ओढून बसलोच. ऑस्ट्रियन मॅन्लिकर-शोनाउअर, .30-06 काडतुसाची. दस्ता नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, बोल्टचा, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या कडीचा, दांडा पळीसारखा चपटा. आत स्प्रिंगची चरखी. काडतूस दाबलं की एकेक घर फिरते. चाप दोन. मागचा ओढला की पुढचा असा हलका होतो की नुसतं बोट टेकायचा अवकाश. बोल्ट ओढला तर हाताला काही लागलंच नाही. आजच्या रायफलींचा खडखडाट ऐकून कान किटलेल्या माणसाला ते सुख सांगून कळायचं नाही.

बोल्टच्या तोंडावर काडतुसाच्या पितळेचा मागमूस नव्हता, म्हणजे वापरल्याची खूणच नाही. नळीत बॅटरी मारली तर जुनं ग्रीस मेणासारखं थिजलेलं. आजोबांनी घेतली, मग त्यांना मोतीबिंदू झाला, मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. झाडायची राहून गेली.

आपल्याकडे अशी कोरी रायफल बघायला मिळत नाही. निवडणूक लागली की बऱ्याच जणांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. मुद्देमालाच्या खोलीत ती सरपणासारखी रचतात. परत येतात तेव्हा दस्त्याला चीर, नळीत गंज, आणि वर पावतीवर सही करा. ही वाचली, कारण घरच्यांनी शहाणपणाने ती कायम डीलरच्या तिजोरीत ठेवली.

मी म्हणालो, "मारू नकोस. कोरी आहे म्हणून तिला किंमत आहे."

"कोरी कशी? कंपनीत मारून बघतातच ना?"

मुद्दा बिनतोड होता. ऑस्ट्रियात प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचं काडतूस झाडल्याशिवाय रायफल विकायला सोडतच नाहीत. नळीवरचा शिक्का त्याचाच. मग मी ग्रीसवर आलो. नळीत ते असताना गोळी मारली तर दाब वाढतो, बोल्टच्या आत थिजलं असेल तर फायरिंग पिन ढिली बसते. खरं होतं, पण ते काढणं माझं अर्ध्या दिवसाचं काम. त्यालाही ते कळलं. उरलं लाकूड. इतक्या वर्षांत सुकलेला लांब दस्ता पहिल्याच धक्क्याला तडकला, तर तसा दुसरा आणू कुठून?

"विकायची नाहीच आहे मला," तो म्हणाला. "मग किंमत कुणासाठी राखायची?"

मी चहा मागवला.

काल ग्रीस काढलं. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली फट, गेजने तपासली, चोख आहे. दस्त्याचे स्क्रू सोडून धक्का झेलणारी जागा भिंगाखाली पाहिली. एक रेघ दिसते. लाकडाची शीर आहे की चीर, तीनदा बघूनही ठरत नाही. तो शनिवारी येतोय.