बरडावर काय लावायचं ते जेसीबीच्या कापात दिसलं

वर्धा जिल्ह्यात माझी छोटी नर्सरी आहे, सोबत ग्रामपंचायतींची लागवडीची कामंही घेतो. मागच्या मे महिन्यात एका गावच्या सरपंच ताईंचा फोन आला, भाऊ शाळेमागच्या बरडावर काहीच टिकून नाही राहिलं, एकदा येऊन पाहा.

गेलो तर नुसता मुरूम, वर जेमतेम वीतभर माती, आणि आधीच्या ठेकेदारानं लावलेल्या डुरांटाच्या (शोभेचं झुडूप) वाळलेल्या काड्या ट्री गार्डमधे तशाच उभ्या. पंचायतीतल्या एकानं मोबाइलवर कोनोकार्पसचे फोटो काढून दाखवले, लवकर वाढते, गच्च होते, हेच लावा. मी सरळ नाही म्हटलं. परदेशी झाड, गुजरातनं तर २०२३ मधेच त्याच्या लागवडीवर बंदी आणली, ते आपण कायले आणायचं?

आपल्याकडे झाड निवडताना लोक फक्त ऊन पाहतात, थंडी कोणी धरतच नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री होतं आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५, म्हणजे एकाच झाडानं एकाच जागी हे दोन्ही सोसायचं आणि पावसाळा सोडला तर पाण्याचा भरवसा नाही. बाहेरून आणलेल्या कोवळ्या झाडांची पानं थंडीत काळी पडून गळताना मी दरवर्षी पाहतो.

ताईंना पटत होतं पण बाकीचे हलेनात. बरडाच्या खाली पांदण रस्त्याचं काम सुरू होतं आणि जेसीबीनं उतार उभा कापला होता, मग सगळ्यांना तिकडेच घेऊन गेलो. कापाच्या काठावर एक तरवड, अर्धी माती निघून गेलेली, तरी भर मे महिन्यात हिरवं आणि वर पिवळी फुलं. झाड कमरेएवढं. मूळ मात्र माझ्या डोक्याच्या वरून निघून मुरमाच्या भेगेतून खाली खाली माझ्या गुडघ्यापर्यंत आलेलं आणि तिथून परत आत घुसलेलं, टोक काही दिसलंच नाही. नखानं साल खरवडली तर आत ओल होती! मग वर येऊन डुरांटाची एक काडी ओढली, एका हातानं निघाली, मुळं अजून प्लास्टिकच्या पिशवीच्या आकारातच गोल गुंडाळलेली. ते पाहून कोणी काही बोललंच नाही. बाजूला बकऱ्या चारणारे एक मामाजी होते, ते म्हणाले, "तरवडाले अन् निरगुडीले बकरी तोंड लावत नाई बाप्पा, तेच लावा."

तिथंच उभ्याउभ्या ठरलं. उतारावर तरवड आणि धायटी, नालीजवळ जिथं थोडी ओल राहते तिथं निरगुडी, कडेनं करवंद आणि भराटी कारण दोघांनाही काटे, झाडांच्या सावलीत मुरडशेंग. धायटी मला फार आवडते, उन्हाळा लागताना लाल फुलांनी भरते आणि शिंजिर पक्षी दिवसभर त्यावर असतात. एकानं विचारलं रायमुनिया (घाणेरी) का नको, तीही बिना पाण्याची जगते. जगते, पण ती अमेरिकेकडून आलेली, तिच्या दाटीखाली गवत येत नाही आणि गुरांनी पाला खाल्ला तर विषबाधा होते, शाळेमागं तर अजिबातच नको.

आता ही झाडं नर्सरीत सहसा मिळत नाहीत ही खरी अडचण, कारण कोणी मागतच नाही. म्हणून बी गोळा करावं लागतं. तरवडाच्या बीचं कवच कडक असते, पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रातभर तसंच ठेवायचं. करवंदाचं बी साठवून चालत नाही, फळ पिकलं की लगेच पेरायचं. निरगुडी नुसती फांदी लावली तरी येते.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर अर्धचंद्राकृती बांध घालून तरवडाचं बी थेट जागेवरच टोचलं, पिशवीच नाही, म्हणजे मूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जाते. वरून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या टाकल्या, रोप लहान असताना बकऱ्यांचे पाय पडतात म्हणून. काही जागी उगवलंच नाही, तिथं यंदा परत टोचू. जे उगवलं ते डिसेंबरच्या थंडीतही हिरवंच होतं, टँकर एकदाही लागला नाही. यंदा आणखी शेंगा जमवतोय, वर्धा-यवतमाळकडच्या कोणाला तरवडाचं बी पाहिजे असेल तर सांगा, पैसे नकोत, फक्त पिशवीत रोपं करू नका.